सिंपललॉगिन : कोणतं नाव झाकायचं आणि कोणतं मिरवायचं, हे आधी ठरवा

खऱ्या नावाने वावरावं की टोपणनावाने, हा वाद इंटरनेटवर जुनाच आहे. २०११ मध्ये गूगल प्लसने खऱ्या नावाची सक्ती केली आणि जुलै २०१४ मध्ये ती जाहीरपणे मागे घेतली. दक्षिण कोरियात २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवल्याशिवाय लिहिता येत नव्हतं. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये तो कायदा रद्द केला. धोरणांचं असं मागेपुढे चालूच राहील. पण प्रत्यक्षात माणसाची दोन नावं एकमेकांना जोडली जातात ती कुठल्या धोरणामुळे नव्हे, तर ईमेलच्या पत्त्यामुळे. टोपणनावाचं खातं आणि खऱ्या नावाचं खातं एकाच पत्त्यावर उघडलेलं असतं. दोन वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा फुटतो, कुणीतरी दोन याद्या शेजारी ठेवतो, आणि पाच वर्षं जपलेलं टोपणनाव एका ओळीत संपतं.

सिंपललॉगिन ही सेवा नेमका हा सांधा तोडायला बनवली आहे. ती चांगली आहे. पण लोक ती 'स्पॅम थांबवायचं यंत्र' म्हणून वापरायला घेतात आणि मग ओळख झाकायच्या कामी ती चुकीच्या पद्धतीने लावतात. म्हणून हे परीक्षण त्याच अंगाने.

आधी सेवा काय करते ते. तुम्ही खातं उघडता, तुमचा खरा मेलबॉक्स जोडता आणि हवे तितके एलियस बनवता. एलियस म्हणजे एक वेगळा, चालू पत्ता. त्यावर आलेला मेल तुमच्या मेलबॉक्समध्ये फॉरवर्ड होतो. मोफत खात्यात १० एलियस मिळतात, पैसे भरले की मर्यादा उठते. एप्रिल २०२२ मध्ये गोपनीय ईमेल सेवा चालवणाऱ्या प्रोटॉनने ही कंपनी विकत घेतली, त्यामुळे त्यांच्या प्रोटॉन पास या पासवर्ड सांभाळणाऱ्या अ‍ॅपमधले एलियसही आतून याच यंत्रणेवर चालतात. सोर्स कोड खुला आहे. ज्याला सर्व्हर सांभाळायची हौस आहे त्याला स्वतःकडे चालवता येतो. हौस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. मेल सर्व्हर चालवणं म्हणजे घरी म्हैस पाळणं. दूध ताजं मिळतं, पण सुट्टी मिळत नाही.

जीमेलच्या पत्त्यात अधिकचं चिन्ह टाकून पुढे काहीतरी जोडायची युक्ती बरेच जण वापरतात. गाळणी लावायला ती ठीक आहे, ओळख झाकायला शून्य. अधिकच्या चिन्हापासून @ पर्यंतचा भाग पुसला की मूळ पत्ता समोर. पत्त्यातले टिंब तर जीमेल मोजतच नाही. याद्या जुळवणारे लोक हे दोन्ही आधीच साफ करून घेतात.

डोमेन कुणाचं, हा खरा निर्णय

नवा एलियस बनवताना दोन गोष्टी भरायच्या असतात: @ च्या आधीचा भाग आणि यादीतून निवडायचं डोमेन, म्हणजे @ च्या नंतरचा भाग. सगळं लक्ष पहिल्या भागाकडे जातं. निर्णय दुसऱ्यात असतो.

सिंपललॉगिनचं सामाईक डोमेन निवडलं तर तुमचा पत्ता हजारो अनोळखी लोकांच्या पत्त्यांच्या गर्दीत उभा राहतो. दोन एलियस शेजारी ठेवून 'हे एकाच माणसाचे' असं बाहेरच्या कुणाला सांगता येत नाही. निनावीपणा हवा असेल तर तो इथे आहे. याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. पहिली म्हणजे काही संकेतस्थळं अशी डोमेन 'डिस्पोजेबल' (वापरून फेकायची) म्हणून ओळखतात आणि नोंदणीच नाकारतात. मग यादीतलं दुसरं डोमेन निवडून बघायचं. बहुतेक वेळा चालतं, कधी नाही चालत. दुसरी किंमत मोठी आहे: तो पत्ता तुमचा नाही. उद्या सेवा बंद पडली तर त्या पत्त्यावर उघडलेली सगळी खाती अधांतरी.

स्वतःचं डोमेन जोडलं तर उलटं. पत्ता कायमचा तुमचा, सेवा बदलली तरी डीएनएसच्या (डोमेनचा मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या नोंदवहीच्या) चार ओळी बदलून दुसरीकडे नेता येतो, आणि डिस्पोजेबलच्या यादीत तो सहसा येत नाही. पण @ च्या पुढे येणारं डोमेन सगळीकडे एकच असतं. पहिला भाग कितीही बदला, डोमेन बोंब मारून सांगतं की हे सगळे एकाच घरचे. लोक हौसेने छोटंसं डोमेन घेतात, त्यावर दोनशे एलियस बनवतात आणि आपण निनावी झालो असं समजतात. खरं तर त्यांनी दोनशे ठिकाणी स्वतःच्या बोटाचा ठसा लावून ठेवलेला असतो. सामाईक जीमेलपेक्षा हे वाईट, कारण जीमेल निदान कोट्यवधी लोक वापरतात.

हाच घोटाळा सबडोमेनचा, म्हणजे सेवेच्या डोमेनच्या आधी जोडलेल्या आपल्या नावाचा. सिंपललॉगिनच्या पैसे भरलेल्या खात्यात आपलं सबडोमेन घेता येतं, आणि अ‍ॅडी डॉट आयओ या दुसऱ्या चांगल्या सेवेत मोफत अमर्याद एलियस मिळतात ते तुमच्या यूजरनेमच्या सबडोमेनवर. सोय भारी: आधी बनवावं लागत नाही, जागच्या जागी काहीही पत्ता सांगितला तरी चालतो. पण प्रत्येक पत्त्यात तेच यूजरनेम. खरेदी आणि वर्तमानपत्रांच्या नोंदणीला उत्तम, टोपणनावाला अजिबात नको.

तेव्हा खाती तीन टोपल्यांत वाटा. जिथे नाव लागणारच आहे आणि लागलं तर फायदाच आहे (कामाचा पत्रव्यवहार, नावाने प्रसिद्ध होणारं लेखन, ग्राहक) तिथे स्वतःचं डोमेन आणि स्वच्छ वाचता येणारा पत्ता. जिथे सलग एका टोपणनावाने वर्षानुवर्षं बोलायचं आहे, तिथे सामाईक डोमेनवरचा एक एलियस, त्या टोपणनावापुरताच. आणि एकदा काम झालं की विसरायच्या खात्यांना प्रत्येकी एक यादृच्छिक एलियस. ब्राउझरचं एक्स्टेन्शन हे तिसरं काम एका क्लिकवर करतं. संकेतस्थळाचं नाव आपोआप पत्त्याच्या सुरुवातीला टाकतं, म्हणजे पुढे त्या पत्त्यावर भलत्याच कुणाचा मेल आला तर पत्ता कुणाकडून फुटला ते लगेच कळतं.

ही वाटणी करताना एक गोष्ट लक्षात असू द्या. टोपणनाव कधीही सोडून खऱ्या नावाने पुढे येता येतं. खऱ्या नावाने लिहिलेलं नंतर टोपणनावाखाली ढकलता येत नाही, कारण तोवर त्याच्या प्रती निघालेल्या असतात. त्यामुळे जिथे मन ठरत नाही तिथे झाकलेल्या बाजूने सुरुवात करावी. डोमेनचंही तसंच. ते विकत घेताना मालकाचं नाव-पत्ता झाकायची सोय पहिल्याच दिवशी चालू करा. मे २०१८ मध्ये युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाल्यापासून बहुतेक नोंदणीदार (डोमेन विकणाऱ्या कंपन्या) हा तपशील आपणहून झाकतात, पण डोमेनच्या सगळ्या विस्तारांना (डॉट कॉमसारख्या शेपट्यांना) ते लागू नाही. डॉट यूएसवर तर झाकायला परवानगीच नाही. आणि एक दिवस जरी उघडं राहिलं तरी जुन्या नोंदी साठवून विकणाऱ्या कंपन्यांकडे ती प्रत राहतेच.

उत्तर देताना होणाऱ्या चुका

मेल येणं सोपं आहे. भांडं फुटतं ते उत्तर देताना.

सिंपललॉगिनमध्ये फॉरवर्ड होऊन आलेला मेल उघडून बघा. पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पण त्याचा पत्ता मात्र लांबलचक, सिंपललॉगिनच्याच डोमेनचा. याला रिव्हर्स एलियस म्हणतात. प्रत्येक एलियस आणि प्रत्येक पाठवणारा अशा जोडीसाठी एक वेगळा रिव्हर्स एलियस बनतो. तुम्ही नेहमीसारखं 'रिप्लाय' दाबता, मेल त्या पत्त्यावर जातो, सिंपललॉगिन मेलच्या हेडरमधली बहुतेक तांत्रिक माहिती काढून टाकतं, 'प्रेषक' म्हणून तुमचा एलियस लावतं आणि पुढे पाठवतं. समोरच्याला तुमचा खरा पत्ता दिसत नाही. आपणहून पहिला मेल पाठवायचा असेल तर डॅशबोर्डवर त्या एलियसच्या 'कॉन्टॅक्ट्स'मध्ये समोरच्याचा पत्ता टाकायचा, तयार झालेला रिव्हर्स एलियस कॉपी करायचा आणि आपल्या मेलबॉक्समधून त्यावर पाठवायचं. वळणाचा रस्ता आहे. पहिल्या आठवड्यात वैताग येतो, नंतर हात बसतो.

रिव्हर्स एलियसवरचा मेल त्या एलियसला जोडलेल्या मेलबॉक्समधूनच गेला पाहिजे. फोनमध्ये तीन खाती असतात, बोट चुकतं, भलत्याच खात्यातून उत्तर जातं. अशा वेळी सिंपललॉगिन तो मेल पुढे सोडत नाही आणि तुम्हाला कळवतं. हे त्याचं सगळ्यात चांगलं वागणं. चुकीवर पांघरूण घालून मेल पुढे ढकलणारी सेवा ओळख झाकायच्या कामाची नाही.

पण खालच्या चुका ते रोखू शकत नाही.

सीसीमध्ये नवा माणूस थेट त्याच्या पत्त्याने घातला, तर त्याला जाणारी प्रत सिंपललॉगिनमधून जातच नाही. ती तुमच्या खऱ्या मेलबॉक्समधून, खऱ्या पत्त्याने जाते.  टोपणनावाच्या धाग्यात सीसी वापरायचाच असेल तर त्या माणसाचाही रिव्हर्स एलियस आधी बनवावा.

कॅलेंडरचं निमंत्रण हा याहून छुपा खड्डा. एलियसवर बैठकीचं निमंत्रण येतं, मेल अ‍ॅप त्यातली जोडलेली फाइल वाचून 'येणार' असं बटण दाखवतं. ते दाबलं की अ‍ॅप फाइलमधल्या आयोजकाच्या पत्त्यावर तुमच्या खात्याकडून थेट उत्तर पाठवतं. रिव्हर्स एलियस बाजूला राहतो आणि आयोजकाच्या यादीत तुमचं खरं नाव हिरव्या खुणेसह झळकतं. बटणाला हात लावू नका. साध्या मेलने 'येतो' म्हणून कळवा.

मग सही. मेल अ‍ॅपने प्रत्येक मेलखाली चिकटवलेलं नाव, हुद्दा आणि फोन नंबर सिंपललॉगिन काढत नाही, ते तुमचं लिखाण आहे. 'मी सुट्टीवर आहे' असं आपोआप जाणारं उत्तरही तसंच. टोपणनावाच्या मेलबॉक्सला सही नको आणि स्वयंउत्तर नको, एवढं एकदाच सेटिंगमध्ये जाऊन करून टाकायचं.

जोडलेल्या फाइलींचं तर विचारूच नका. वर्ड फाइलीत लेखकाचं नाव असतं, पीडीएफमध्ये बहुधा असतं, फोनने काढलेल्या मूळ फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नलवर फोटो म्हणून पाठवताना ही माहिती गळून जाते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच राहते. ईमेलमध्ये जोडला तरी राहते. फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो जोडणं हा गावठी पण चालणारा उपाय.

कुणापासून लपतं, कुणापासून नाही

इथे सेवेची जाहिरात आणि वापरणाऱ्याची समजूत यांत बरंच अंतर असतं.

पत्ता ज्याला दिला त्याच्यापासून आणि त्याच्याकडून डेटा चोरणाऱ्यापासून एलियस तुम्हाला झाकतो. तुमच्या मेलबॉक्सच्या कंपनीपासून नाही: प्रत्येक फॉरवर्ड झालेल्या मेलवर तो कुठल्या एलियसला आला ते लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्या मेल कंपनीकडे तुमच्या सगळ्या एलियसची यादी आपोआप तयार होते. पैसे भरलेल्या खात्यात मेलबॉक्सला पीजीपी किल्ली जोडता येते. मग मजकूर कुलूपबंद होऊन येतो आणि विषयाच्या जागी सरसकट एकच ओळ ठेवता येते. मजकूर झाकायला हे छान आहे. यादी मात्र बनतेच. आणि स्वतः सिंपललॉगिनला जाता-येता मेल दिसू शकतो, कारण तो त्यांच्याच यंत्रातून जातो.

न्यायालयापासूनही नाही. मालक कंपनी प्रोटॉन स्वित्झर्लंडची आहे आणि तिथल्या आदेशांना बांधील आहे. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या एका आंदोलकाच्या प्रकरणात स्विस आदेशावरून प्रोटॉनला त्या खात्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला. २०२४ मध्ये स्पेनमधलं प्रकरण पुढे आलं. त्यात कंपनीने खात्याला जोडलेला रिकव्हरी ईमेल दिला आणि तो पत्ता दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचा असल्याने पुढची ओळख तिकडून लागली. मेलचा मजकूर दोन्ही वेळा कुलूपबंद राहिला. स्पेनच्या प्रकरणात घात केला तो वापरणाऱ्याने सोयीसाठी भरलेल्या एका रकान्याने. टोपणनावाच्या खात्याला खऱ्या नावाचा रिकव्हरी पत्ता देऊ नये हे यावरून शिकण्यासारखं. त्याऐवजी रिकव्हरी कोड छापून किंवा लिहून ठेवा.

म्हणूनच, टोपणनाव खरोखर जपायचं असेल तर एकाच सिंपललॉगिन खात्यात दोन मेलबॉक्स जोडून भागत नाही. खातं एक म्हणजे मालक एक, हे त्या डॅशबोर्डवरच लिहिलेलं आहे. उघड नावासाठी सिंपललॉगिन, टोपणनावासाठी दुसऱ्या कंपनीची सेवा आणि तिच्यामागे तिसरीकडे उघडलेला वेगळा मेलबॉक्स, अशी मांडणी करावी. ब्राउझरमध्येही दोघांचं प्रोफाइल वेगळं ठेवा, नाहीतर पासवर्ड भरणारं अ‍ॅप एक दिवस हसत हसत चुकीचं नाव भरून देईल. शेजाऱ्याला कळू नये एवढाच हेतू असेल तर इतकी यातायात नको; एक खातं पुरे.

आयपी पत्ता ही वेगळीच गोष्ट. मेलमधली लपवलेली चित्रं उघडली की पाठवणाऱ्याला तुमचा आयपी आणि वाचल्याची वेळ कळू शकते. एलियसमुळे हे थांबत नाही. मेल अ‍ॅपमध्ये 'बाहेरची चित्रं आपोआप उघडू नका' ही सोय चालू करा. टोपणनावाचं खातं उघडतानाचा आयपी संकेतस्थळाकडे राहतो, तेव्हा गरज तेवढी गंभीर असेल तर तुमचा आयपी झाकणाऱ्या टॉर ब्राउझरमधूनच नोंदणी करा आणि पुढेही कायम त्यातूनच आत जा. नव्याण्णव वेळा टॉरमधून आणि शंभराव्या वेळी घाईत साध्या ब्राउझरमधून गेलं तर ती शंभरावी नोंदच पुरते.

प्रोग्रामर मंडळींसाठी एक खास इशारा. गिट प्रत्येक कमिटमध्ये ईमेल पत्ता आणि वेळेचा टाइमझोन लिहून ठेवतं. गिटहबच्या सेटिंगमध्ये नो-रिप्लाय पत्ता वापरायची आणि खरा पत्ता उघड करणारे पुश अडवायची अशा दोन खुणा आहेत. त्या दोन्ही लावल्या तरी तुमच्या संगणकावरच्या गिटमध्ये तो नो-रिप्लाय पत्ता स्वतः भरावा लागतो. एकदा सार्वजनिक झालेल्या कमिटमधला पत्ता मागाहून पुसणं फार कटकटीचं, आणि लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती तशाच राहतात.

फोन नंबर मागितला की

एलियसची सगळी मेहनत एका रकान्यात वाया जाते: मोबाइल नंबर. नंबर हा ईमेलपेक्षा पक्का सांधा आहे, कारण तो सहज बदलत नाही आणि इतरांच्या फोनबुकात तुमच्या नावासकट बसलेला असतो. एखाद्या अ‍ॅपने फोनबुक वाचायची परवानगी घेतली की 'तुमच्या ओळखीचे' म्हणून तुमचं टोपणनाव तुमच्या चुलत भावाला सुचवलं जाऊ शकतं.

संदेशांपुरता यावर बरा उपाय सिग्नलने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणला. खातं उघडायला नंबर अजूनही लागतोच, पण पुढे लोकांना यूजरनेम देता येतं, त्याच्या शेवटी किमान दोन आकडे असावे लागतात आणि ते हवं तेव्हा बदलता येतं. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक पहिलाच बघून थांबतात. 'माझा नंबर कुणाला दिसावा' हे आधीपासूनच 'कुणालाही नाही' असं असतं. 'नंबरवरून मला कोण शोधू शकतं' हे मात्र आधीपासून 'सगळे' असं असतं. टोपणनावासाठी दुसरंही 'कुणीही नाही' करा. ज्यांच्या फोनबुकात तुमचा नंबर आहे त्यांना तो दिसत राहील, त्याला इलाज नाही. आणि यूजरनेम म्हणजे प्रोफाइलवरचं नाव नव्हे. ते नाव वेगळं असतं आणि गप्पांमध्ये समोरच्याला तेच दिसतं.

उघड बाजू नीट उघडी असावी

नाव मिरवायचंच असेल तर ते दुसऱ्या कुणाला मिरवता येऊ नये याची सोय हवी, आणि ती तुमच्या डोमेननेच होते. सिंपललॉगिनमध्ये डोमेन जोडताना डीएनएसमध्ये या नोंदी कराव्या लागतात: मालकी सिद्ध करणारी एक टीएक्सटी, मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या दोन एमएक्स (प्राधान्य १० आणि २०), तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी एसपीएफची एक टीएक्सटी, मेलवरची डिजिटल सही तपासण्यासाठी डीकिमच्या तीन सीनेम, आणि या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी डीमार्कची एक टीएक्सटी. अर्धा तास पुरतो. अडतं ते दोन ठिकाणी. डोमेनवर जुनी एसपीएफ नोंद आधीच असेल तर दुसरी वेगळी जोडायची नाही, दोन एसपीएफ नोंदी म्हणजे दोन्ही बाद. एकाच ओळीत दोन्ही सेवा घालायच्या. दुसरं, काही डीएनएस पॅनेल तुमचं डोमेन नोंदीच्या शेवटी स्वतःहून जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव टाकलं की डोमेन दोनदा येतं आणि तपासणी तासन् तास लाल राहते. अशा वेळी फक्त पुढचा भाग टाकून बघा.

तेच डोमेन ब्लूस्काय या सोशल नेटवर्कवर हँडल (खात्याचं नाव) म्हणून लावता येतं. डीएनएसमध्ये एक टीएक्सटी नोंद घातली की झालं. मॅस्टोडॉन या दुसऱ्या सोशल नेटवर्कवर प्रोफाइलमध्ये तुमच्या पानाचा दुवा द्यायचा आणि पानावरून प्रोफाइलकडे 'हा मीच' अशी खूण असलेला उलटा दुवा ठेवायचा, की दुवा हिरवा होतो. दोन्हींत कुणाकडे ओळखपत्र द्यावं लागत नाही, आणि हीच पद्धत टोपणनावालाही लागू पडते, फक्त त्यासाठी डोमेन वेगळं आणि वेगळ्या ठिकाणी घेतलेलं हवं.

एक वेडगळ पण सर्रास होणारी चूक: डोमेन ज्या नोंदणीदाराकडे आहे तिथला संपर्क ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवणं. डोमेनची मुदत संपते, मेल बंद पडतो आणि मुदतीचे शेवटचे इशारे त्या बंद पत्त्यावर जाऊन पडतात. नोंदणीदाराला कायम बाहेरचा पत्ता द्या. तसंच बँक, सरकारी कामं, औषधोपचार यांना एलियस देऊ नका. तिथे तुमचं नाव त्यांच्याकडे आहेच, झाकण्यासारखं काही नाही, आणि मधल्या एका यंत्राची भर म्हणजे बिघडायला एक जागा जास्त.

बाकीच्यांशी तुलना, थोडक्यात

अ‍ॅपलचं 'हाइड माय ईमेल' वापरायला सगळ्यात सोपं. आयक्लाउड प्लसमधून बनवलेला पत्ता साध्या आयक्लाउड पत्त्यासारखाच दिसतो, त्यामुळे तो नाकारला जाण्याची शक्यता कमी. पण तो पत्ता घेऊन दुसरीकडे जाता येत नाही. फायरफॉक्स रिलेमध्ये मोफत पाच मुखवटे (तिथले एलियस) मिळतात. चाखून बघायला पुरेसे, वाटणी करायला अपुरे. डकडकगोचे पत्ते मोफत आणि अमर्याद आहेत, आणि मेलमधले माग काढणारे तुकडे ते काढून टाकतात, जे सिंपललॉगिनपेक्षा बरं. उघड नाव, स्वतःचं डोमेन आणि एलियस हे तिन्ही एका जागी सांभाळायचं असेल तर मात्र सिंपललॉगिन आणि अ‍ॅडी या दोघांतूनच निवड आहे. सिंपललॉगिनचा डॅशबोर्ड जास्त समजण्यासारखा, अ‍ॅडीचे नियम आणि गाळण्या जास्त बारीक.

तक्रारी आहेत. सामाईक डोमेनवरचे पत्ते तोंडी सांगताना फजिती होते. काउंटरवरच्या माणसाला दोन इंग्रजी शब्द, मध्ये टिंब आणि पुढे आकडे असं स्पेलिंग सांगून बघा. तोंडी द्यायचे दोन-तीन पत्ते आधीच आखूड बनवून ठेवलेले बरे. फॉरवर्डिंगमुळे ओटीपीला काही सेकंदांचा उशीर होतो. तुमच्या मेलबॉक्सने फॉरवर्ड झालेले मेल स्पॅम म्हणून वारंवार परत पाठवले तर सिंपललॉगिन तो एलियस आपणहून बंद करतं. सूचना येते, पण ती जाहिरातींच्या ढिगात हरवते. सिंपललॉगिनकडून येणाऱ्या सूचनांना मेलबॉक्समध्ये वेगळं लेबल लावा. आणि सगळ्यात मोठी जोखीम: हे एक खातं ज्याच्या हाती लागलं त्याला तुमच्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलता येईल. दुहेरी पडताळणी, शक्य असेल तर हार्डवेअर किल्लीची, पहिला एलियस बनवायच्या आधी चालू करा.

एलियस नकोसा झाला तर 'डिलीट' नको, 'डिसेबल' करा. बंद केलेला पुन्हा चालू करता येतो, आणि दोन वर्षांनी विसरलेल्या खात्याचा पासवर्ड परत मिळवायला तो लागतोच. एकच पाठवणारा त्रास देत असेल तर कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन फक्त त्याला ब्लॉक करता येतं, एलियस चालू राहतो. पैसे भरणं थांबवलं तरी आधी बनवलेले एलियस चालत राहतात, अगदी दहापेक्षा जास्त असले तरी. नवे बनवता येत नाहीत, एवढंच. तरीही वर्षातून दोनदा एलियसची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्या आणि ती फाइल कुलूपबंद ठेवा. तुमची झाकलेली आणि उघडी सगळी नावं एकाच पानावर असलेला हा एकमेव कागद आहे, आणि तो ड्राइव्हवर 'एलियस यादी' या नावाने उघडा पडलेला नसावा.